अंतर कळतं, दिशा नाही: चालत्या सेन्सरने लपलेला सिग्नल शोधायची रीत

पहिल्या वेळी आमचं उत्तर कुंपणापलीकडच्या उसात निघालं. शाळेच्या मैदानात प्लॅस्टिकच्या डब्यात एक वाय-फाय बोर्ड लपवला होता. आम्ही दुसरा बोर्ड हातात घेऊन कुंपणाच्या कडेने सरळ चालत गेलो आणि दर दोन मीटरवर थांबून अंतर लिहून घेतलं. वीसेक आकडे जमले, आकडेमोड झाली, उत्तर आलं, आणि सगळी पोरं तारेखालून उसात शिरली. डबा होता मैदानातल्या कडुलिंबाखाली. कुंपणापासून जितका उसाच्या बाजूला शोधला, बरोबर तितकाच अलीकडच्या बाजूला.

बोर्ड चांगले होते, गणितही चुकलं नव्हतं. चुकली होती ती आमची चाल. सरळ रेषेवरून मोजलेली अंतरं रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंमध्ये फरक करूच शकत नाहीत, मग आकडे वीस घ्या की दोनशे. हा सगळा लेख त्या उसाचं व्याज समजा. हौशी माणसाला एका रविवारी सकाळी करता येईल असा हा प्रयोग आहे. तो करताना यंत्राच्या सेटिंगपेक्षा आपण कुठून कुठे चालतो याकडे जास्त लक्ष द्या, एवढीच माझी सुरुवातीची विनंती.

अंतर येतं कुठून

बहुतेक जण आधी सिग्नलच्या जोरावरून अंतर काढायला जातात. फोनवर दिसणारे ते उणे साठ, उणे सत्तर डेसिबलचे आकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की जोर ६ डेसिबलने उतरतो, हे खरं आहे. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असते. जमिनीवरून, भिंतीवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि कुठे दोन्ही एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात. वीतभर सरकलं तरी आकडा दहा डेसिबलने हलू शकतो. मध्ये माणूस उभा राहिला तर विचारूच नका, कारण आपलं शरीर बहुतांशी पाणीच. म्हणून जोराचा आकडा शेवटच्या चार पावलांसाठी राखून ठेवायचा. लांबून अंतर काढायला तो बेभरवशाचा.

भरवशाचा मार्ग म्हणजे वेळ मोजणं. आपला बोर्ड हाक देतो, पलीकडचा ओ देतो, आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. पलीकडच्याने ओ द्यायला घेतलेला वेळ तो स्वतःच मोजून कळवतो आणि आपला बोर्ड तो वजा करतो. त्यामुळे दोघांची घड्याळं जुळलेली असायची गरज नाही. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. वेळ जाऊन-येऊन मोजलेला असल्यामुळे एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटरची चूक.

वाय-फायमध्ये या सोयीचं नाव फाइन टायमिंग मेझरमेंट, थोडक्यात एफटीएम. ८०२.११एमसी या नावाने ती ओळखली जाते आणि २०१६ च्या वाय-फाय मानकात ती आली. अँड्रॉइडमध्ये ९ व्या आवृत्तीपासून तिचा आधार आहे, पण फोन आणि राउटर दोघांनाही ती यावी लागते. घरातल्या साध्या राउटरला ती सहसा येत नाही. म्हणून मी ईएसपी३२ या वाय-फाय चिपच्या घराण्यातले दोन स्वस्त बोर्ड सुचवतो: ईएसपी३२-एस२, एस३ किंवा सी३. सुरुवातीच्या मूळ ईएसपी३२ मध्ये ही सोय नाही, तेव्हा खणात पडलेला जुना बोर्ड काढून बसू नका. माझी त्यात एक आख्खी संध्याकाळ गेली आहे.

हाक आणि ओ हवीच, हे एका उलट्या उदाहरणावरून पटतं. विमानाच्या काळ्या पेटीला जोडलेला पाण्याखालचा पिंगर साधारण सेकंदाला एकदा ३७.५ किलोहर्ट्झचा टिकटिकाट करत राहतो, पण तो कुणाच्या हाकेला ओ देत नाही. ऐकणाऱ्याला आवाज कळतो, तो कधी निघाला ते कळत नाही, म्हणून थेट अंतरही कळत नाही. याउलट विमानतळाजवळच्या अंतर सांगणाऱ्या रेडिओ केंद्राला विमान हाक देतं, केंद्र ठरलेल्या ५० मायक्रोसेकंदांनी ओ देतं आणि वैमानिकासमोर सागरी मैलांत आकडा उमटतो. आपला प्रयोग या दुसऱ्या जातीचा.

सामान

दोन बोर्ड, दोन पॉवर बँक, ५० मीटरचा टेप, सुतळी, सहा-सात खुंट्या, थोडी फक्की, वही. नोंदी ठेवायला लॅपटॉप किंवा फोनवरचं स्प्रेडशीट. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे अशा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही.

डबा प्लॅस्टिकचाच घ्या. कुणीतरी हमखास स्टीलचा डबा आणतं आणि मग बोर्ड मुका का झाला म्हणून अर्धा तास जातो.

लपवायच्या बोर्डवर रिस्पॉन्डरचा (ओ देणारा) आणि हातातल्या बोर्डवर इनिशिएटरचा (हाक देणारा) प्रोग्रॅम टाका. आर्डुइनो या बोर्डवर प्रोग्रॅम टाकायच्या सॉफ्टवेअरच्या ईएसपी३२ पॅकेजमध्ये एफटीएमच्या फोल्डरात दोन्ही नमुने तयार मिळतात. एका मोजणीत किती फ्रेम, म्हणजे किती संदेश, पाठवायचे ती संख्या १६, २४, ३२ किंवा ६४ अशी देता येते. मी ३२ ठेवतो. चॅनेलची रुंदी जमल्यास ४० मेगाहर्ट्झ करा. रुंदी २० असेल तर सिग्नलचा चढ साधारण ५० नॅनोसेकंदांत पसरतो, म्हणजे लहर १५ मीटर पुढे जाईपर्यंत. त्या पसाऱ्यात थेट लहर कुठली आणि भिंतीवरून आलेली कुठली हे वेगळं करणं बोर्डला जड जातं. ४० मध्ये तो पसारा निम्मा होतो. अल्ट्रा-वाइडबँडचे बोर्ड ५०० मेगाहर्ट्झ वापरतात, म्हणून ते दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत अचूक जातात. हाताशी ते असतील तर तेच घ्या, पुढची सगळी रीत तीच.

आधी बोर्डची खोड ओळखा

हे पाऊल कुणालाच करायला आवडत नाही. मलाही नाही.

मोकळ्या मैदानात टेप पसरा. डब्यातला बोर्ड शून्यावर, छातीच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा. जमिनीला टेकवू नका, कारण जमिनीलगत लहर दबते आणि परावर्तनाचा त्रास वाढतो. मग ५, १०, १५, २० आणि २५ मीटरवर उभे राहून प्रत्येक ठिकाणी दहा-दहा वाचनं घ्या. वाचनं टेपपेक्षा सातत्याने जास्त किंवा सातत्याने कमी येतील. अँटेना, आतल्या वायरी, चिपमधली दिरंगाई यांमुळे ही खोड असते आणि ती प्रत्येक जोडीची वेगळी असते. समजा सरासरी ०.६ मीटर जास्त आली. हा आकडा डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून टाका. वहीत लिहिलेला आकडा ऐनवेळी सापडत नाही.

त्याच वेळी एका ठिकाणी मित्राला मध्ये उभं करा आणि वाचन बघा. ते वाढेल. आडोसा आला की लहर वळसा घेऊन किंवा कशावर तरी आपटून येते, म्हणजे लांबून येते. आडोशामुळे अंतर कमी दिसलं असं सहसा होत नाही, जास्तच दिसतं. म्हणून पुढे प्रत्येक खुंटीवर दहा वाचनं घेतली की त्यांची सरासरी काढत बसायचं नाही. मोकळ्या जागेत मधलं वाचन घ्या. झाडं-माणसं-गाड्या असतील तर वाचनं चढत्या क्रमाने लावून खालून तिसरं घ्या. अगदी खालचं घेऊ नये, कारण चिपची स्वतःची थरथर दोन्ही बाजूंना असते.

खुंट्या कुठे ठोकायच्या

लपवलेला बोर्ड कुठे आहे हे माहीत नाही, पण आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत हवं. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्या आभाळाखाली त्यात तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असतंच, आणि आपल्या जागेतली चूक उत्तरात तशीच उतरते. टेप आणि सुतळी याला तोड नाही.

एक सरळ रेषा फक्कीने आखा. हा आपला क्ष अक्ष. तिच्यावर काटकोन काढायला गवंड्यांची रीत वापरा: ३-४-५. मैदानावर ९, १२ आणि १५ मीटर घेतले की काटकोन चांगला बसतो. गवंडी गुण्या लावून हेच खोलीच्या कोपऱ्यात करतात.

पुढच्या गणितासाठी मी समजायला सोपे आकडे घेतो. ‘अ’ खुंटी (०, ०) वर. ‘ब’ खुंटी रेषेवरच ३६ मीटर पुढे, (३६, ०) वर. तिसरी ‘क’ रेषा सोडून आत: २७ मीटर पुढे आणि तिथून काटकोनात २५ मीटर डावीकडे, म्हणजे (२७, २५). डबा खरा (१५, २०) वर आहे, पण ते फक्त लपवणाऱ्याला ठाऊक.

तिसरी खुंटी रेषेबाहेर असणं हा या सगळ्याचा प्राण आहे. उसात शिरायचं नसेल तर.

गणिताशिवाय शोधायची रीत

स्प्रेडशीट उघडायच्या आधी एकदा हे करून बघा. अंतराचा अंदाज अंगात मुरतो.

रेषेवरून चालायला लागा. अंतर कमी होत जाईल, एका जागी सर्वात कमी होईल आणि पुन्हा वाढेल. सर्वात कमी जिथे, तिथून बोर्ड बरोबर काटकोनात आहे. सांगायला सोपं, पण ती जागा नेमकी सापडत नाही. आपल्या उदाहरणात ती (१५, ०) वर आहे आणि तिथे अंतर २०. तिथून दोन मीटर बाजूला सरकलात तरी अंतर होतं २०.१. दहा सेंटिमीटरचा हा फरक बोर्डच्या थरथरीत बुडून जातो आणि माणूस त्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यात येरझाऱ्या घालत बसतो.

म्हणून तळ शोधायचाच नाही. दोन्ही बाजूंचे चढ शोधायचे. ‘अ’ वर अंतर २५ आलं ना? मग पुढे चालत जा आणि ते पुन्हा २५ कुठे येतं ते बघा. ते येईल (३०, ०) वर. त्या दोन्हींचा मध्य १५. चढावर एक मीटर सरकलं की अंतर ०.६ मीटरने बदलतं, त्यामुळे तिथली जागा कितीतरी नेमकी पकडता येते. शिवाय बोर्डची खोड दोन्हीकडे सारखीच, म्हणून मध्य काढताना ती आपोआप गळून पडते.

मध्यावर उभे राहा. तिथलं अंतर २०, म्हणजे डबा वीस मीटरवर डावीकडे किंवा उजवीकडे. आता काटकोनात पाच पावलं डावीकडे जा. अंतर घटलं तर बाजू बरोबर, वाढलं तर मागे फिरा. आमच्या त्या पहिल्या दिवशी कुणी एवढी पाच पावलं टाकली असती तर ऊस वाचला असता.

आता गणित

प्रत्येक अंतर म्हणजे खुंटीभोवतीचं एक वर्तुळ. डबा तिन्ही वर्तुळांवर आहे. वर्तुळांची समीकरणं एकमेकांतून वजा केली की वर्ग उडतात आणि दहावीच्या मुलाला सुटतील अशी दोन साधी समीकरणं उरतात.

आधी चोख आकड्यांनी. ‘अ’ पासून २५, ‘ब’ पासून २९, ‘क’ पासून १३.

‘अ’ मधून ‘ब’ वजा: ७२क्ष − १२९६ = ६२५ − ८४१. म्हणजे ७२क्ष = १०८०, क्ष = १५.

‘अ’ मधून ‘क’ वजा: ५४क्ष + ५०य − १३५४ = ६२५ − १६९. म्हणजे ५४क्ष + ५०य = १८१०. क्ष घातला की य = २०.

मैदानावर असे गोड आकडे कधीच मिळत नाहीत. समजा बोर्डने दिले २५.६, २९.९ आणि १३.५. त्याच रीतीने ७२क्ष = १०५७.३५, म्हणून क्ष = १४.७. आणि ५४क्ष + ५०य = १८२७.११, म्हणून य = २०.७. प्रत्येक अंतरात अर्धा ते एक मीटर चूक असूनही उत्तर खऱ्या जागेपासून पाऊण मीटरवर आलं. कडुलिंबाखाली वाकून बघायला तेवढं पुरतं.

इथेच थांबायचं नाही. आलेल्या जागेपासून प्रत्येक खुंटीचं अंतर उलट काढा आणि बोर्डच्या वाचनातून वजा करा. (१४.७, २०.७) पासून ‘अ’ २५.४, ‘ब’ २९.७, ‘क’ १३.०. शिल्लक फरक: +०.२, +०.२, +०.५. तिन्ही अधिक आहेत. सगळे एकाच चिन्हाचे आले की समजायचं, बोर्डची खोड काढायची राहिली. झाकणावरचा ०.६ तिन्हींतून वजा करा: २५.०, २९.३, १२.९. नवीन उत्तर (१४.८, २०.३). चूक पाऊण मीटरवरून चाळीस सेंटिमीटरवर आली.

खोड आधी मोजलेली नसेल तर तिलाच तिसरी अज्ञात राशी धरता येते. मग किमान चार खुंट्या लागतात. तरीही मी आधी मोजणंच पसंत करतो, कारण अज्ञात राशी वाढल्या की चाल आणखी नीट आखावी लागते.

चाल बिघडली की काय होतं

आता ‘क’ खुंटी आळसाने रेषेजवळच ठोकली असं समजा: (१८, १). ‘अ’ आणि ‘ब’ ची वाचनं तीच, २५.६ आणि २९.९. नव्या ‘क’ वरून खरं अंतर १९.२, बोर्ड म्हणतो १९.७. अर्ध्या मीटरचीच चूक, मघाइतकीच. वजाबाकी करा: ३६क्ष + २य = ५९२.२७. क्ष आहे १४.७. तो घातला की २य = ६३.६ आणि य = ३१.८.

खरा य २० होता. अर्ध्या मीटरच्या चुकीने उत्तर बारा मीटर उडालं. कारण समीकरणात दिसतंच आहे: क्ष समोर ३६ आणि य समोर फक्त २. य बद्दल या तीन खुंट्या जवळजवळ काहीच बोलत नाहीत, आणि जे कुजबुजतात ते चुकीच्या गोंगाटात हरवतं.

पण यात एक गंमत आहे. शिल्लक फरक काढून बघा. (१४.७, ३१.८) पासून ‘अ’ चं अंतर येतं ३५. बोर्ड तर २५.६ म्हणत होता. साडेनऊ मीटरची तफावत! म्हणजे हे उत्तर स्वतः ‘अ’ च्या वर्तुळावर बसतच नाही. वजाबाकीच्या रीतीने वर्ग उडवले, सोपेपणा मिळवला, पण त्याबरोबर मूळ वर्तुळातली माहितीही फेकून दिली. ‘अ’ च्या वर्तुळालाच थेट विचारा: २५.६ चा वर्ग वजा १४.७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, य = २१. बरोबर! पण वर्गमूळ आहे, म्हणून अधिक २१ किंवा उणे २१. अधिक म्हणजे कडुलिंब, उणे म्हणजे ऊस.

तेव्हा दोन गोष्टी. वजाबाकीचं उत्तर हे फक्त सुरुवातीचं उत्तर. आणि शिल्लक फरक न तपासता कुणालाही शोधायला पाठवायचं नाही.

जाळी टाकून बघणे

माझ्या मते सर्वात चांगली रीत हीच, आणि तिला बीजगणित लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये आडवे क्ष चे आकडे ० ते ४०, उभे य चे आकडे उणे ४० ते ४०. प्रत्येक चौकोन म्हणजे मैदानातला एक मीटरचा तुकडा. त्या चौकोनात एकच सूत्र: डबा इथे असता तर प्रत्येक खुंटीपासून अंतर किती असतं, ते वाचनापेक्षा किती वेगळं, त्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज. सूत्र एकदा लिहून सगळीकडे ओढा. मग कंडिशनल फॉरमॅटिंगने लहान बेरजांना गडद रंग द्या.

पडद्यावर मैदानाचा नकाशा उमटतो आणि त्यात एक गडद खळगा दिसतो. डबा तिथे. वाचनं फक्त सरळ रेषेवरची असतील तर रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन सारखेच खळगे दिसतात. मी शब्दांत दोन पानं सांगितलेलं पोरांना त्या चित्रात एका नजरेत कळतं.

एखाद्या खुंटीवर आडोशामुळे वाचन सात-आठ मीटर फुगलेलं असेल तर वर्गांच्या बेरजेत ती एकटी सगळ्यांना ओढून नेते. अशा वेळी वर्गाऐवजी नुसता फरक घ्या, चिन्ह सोडून. मग एका खुंटीचा हट्ट चालत नाही, बहुमत चालतं. यासाठी खुंट्या मात्र सहा ते दहा हव्यात. तीनच्या पंचायतीत बहुमत कसलं?

जाळीतून जागा मिळाली की तिथून स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरला तीच बेरीज कमीत कमी करायला सांगा. तो मीटरखालचे आकडे काढून देतो. सॉल्व्हरला मात्र सुरुवात चुकीच्या खळग्याजवळून दिली तर तो इमानेइतबारे त्याच खळग्याच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणून जाळी आधी, सॉल्व्हर नंतर.

पुढची खुंटी कुठे

खळगा गोल नसतो, बहुधा लांबट असतो, काकडीसारखा. अंतर मोजणी आपल्या नजरेच्या दिशेने नेमकी असते आणि आडव्या दिशेने ढिली. लांबून एकाच बाजूने मोजत राहिलात तर काकडी आपल्याला आडवी पडते. उपाय असा: काकडीची लांब बाजू ज्या दिशेला आहे, त्याच दिशेने तिच्या पुढे किंवा मागे जाऊन उभे राहा आणि तिथून मोजा. एकाच खुंटीने ती लगेच आखूड होते. जुन्याच जागेवर आणखी पन्नास वाचनं घेऊन हे साधत नाही. दोन खळगे असतील तर अशी जागा निवडा जिथून एक जवळ आणि दुसरा लांब आहे. एका वाचनात निकाल.

थांबून मोजायचं की चालता चालता? सुरुवातीला थांबूनच. चालता चालता घ्यायचं असेल तर प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवा, कारण बोर्डने मोजलेलं आणि पडद्यावर दिसलेलं यांत थोडा अवधी जातो. सेकंदाला १.२ मीटर चाललात आणि अर्धा सेकंद उशीर झाला की तुमची जागाच ०.६ मीटर चुकली. हीच वाट उलट दिशेने पुन्हा चालून दोन्ही वाचनांची सरासरी घेतली तर ही चूक बरीचशी कटते.

उंची विसरू नका. बोर्ड जे सांगतो ते तिरपं अंतर. डबा झाडावर, तुमच्या हातापेक्षा ३ मीटर उंच असेल आणि वाचन २५ असेल तर जमिनीवरचं अंतर २४.८, म्हणजे फारसा फरक नाही. वाचन ४ असेल तर मात्र जमिनीवरचं अंतर २.६५. जवळ गेल्यावर आकडे विचित्र वागू लागले, कमी व्हायचे थांबले, की वर बघा.

समुद्रात हे तिरपं अंतर फार मोठं काम करतं. प्रवाह मोजणारी उपकरणं दोराला बांधून तळाशी नांगरून ठेवतात. गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था भारताच्या किनाऱ्याबाहेर अशी उपकरणं ठेवत आली आहे. खोल पाण्यात बहुधा आधी तरंगते भाग सोडतात आणि नांगराचं वजन सर्वात शेवटी. ते खाली जाताना सरळ जात नाही, दोराच्या ओढीने मागे सरकतं. मग ते नेमकं कुठे टेकलं? जहाज भोवतीच्या तीन-चार ठिकाणी जाऊन आवाजाने हाक देतं, दोराला बांधलेलं यंत्र ओ देतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. खोली १००० मीटर आणि जहाज बाजूला १००० मीटर असेल तर तिरपं अंतर १४१४. तिरप्या अंतराच्या वर्गातून खोलीचा वर्ग वजा करून आडवं अंतर काढायचं, त्याची वर्तुळं काढायची आणि ती कुठे छेदतात ते बघायचं. जहाजानेही एकाच रेषेत जायचं नसतं, भोवतीने फिरायचं असतं.

शेवटचे चार मीटर

इथे वेळेचं मोजमाप हात टेकतं. वाचन दीड मीटर, तीन मीटर, कधी शून्याखाली, असं काहीही येऊ लागतं. आता राखून ठेवलेला जोराचा आकडा काढा. बोर्ड छातीशी धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. जोर सर्वात कमी होईल तेव्हा तुमचं शरीर मध्ये आलेलं असतं, म्हणजे डबा तुमच्या पाठीमागे. वळा, दोन पावलं जा, पुन्हा फिरा. दोन-तीनदा केलं की पायाखाली बघायची वेळ येते.

सापडल्यावर डबा लगेच उचलू नका. आधी तिथे खुंटी ठोका आणि ‘अ’ आणि ‘ब’ पासून टेपने अंतर मोजून वहीत लिहा. मगच डबा पुढच्या तुकडीला लपवायला द्या. पोरं तो हमखास उसाच्या बाजूच्या कुंपणाला टांगतात.